गारगोटीच्या माळाची वाळू

इंजिनाला वाळू लागते, असं बाहेरच्या माणसाला सांगितलं की त्याला थट्टा वाटते. पण चढावर गाडीची चाकं जागच्या जागी फिरायला लागली की ड्रायव्हर चाकापुढं रुळावर वाळू सोडतो, आणि मग कुठं चाकाला पकड मिळते. ही वाळू कोरडी ठणठणीत हवी आणि एकसारखी हवी. ओली असली तर नळीत गोळा होऊन बसते, खडा आला तर नळीच तुंबते. दौंडच्या रेल्वे शेडमध्ये अब्बा वीस-बावीस वर्षं हेच काम करत होते. भीमेतून आलेली वाळू भट्टीवर भाजायची, चाळायची आणि इंजिनांच्या पेट्या भरायच्या. वाफेची इंजिनं गेली, डिझेलची आली, वाळू मात्र दोन्हींना लागली.

ते संध्याकाळी क्वार्टरवर यायचे तेव्हा त्यांच्या भुवया राखाडी झालेल्या असायच्या. अम्मी त्यांना दारातच थांबवायची, कपडे झटकायला लावायची आणि मगच आत घ्यायची. घरात आम्ही आमची दखनी बोलायचो. इथं सगळं मराठीतच सांगते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अब्बांचा खोकला वाढला आणि त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली. आम्ही शिरूरला आमच्या जुन्या दोन खोल्यांत राहायला आलो. मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय रसायन. घरी बसणं अब्बांच्या अंगात नव्हतं. सकाळी उठून घोडनदीच्या पात्राकडं जायचे, मूठभर वाळू घेऊन बोटांतून सोडत बसायचे. एक दिवस जेवताना म्हणाले, "बांधकामाची वाळू कुणीही विकतो. आपण चाळलेली, निवडलेली वाळू विकू. शिक्रापूरकडं फाउंड्र्या निघाल्यात. साच्याला वाळू लागते त्यांना."

अम्मी म्हणाली, "भट्टी सुटली, आता पुन्हा वाळूच?"

"दुसरं येतं काय मला?" अब्बा म्हणाले.

गावाबाहेर एक मोकळी जागा भाड्यानं घेतली. वेगवेगळ्या जाळ्यांच्या सात चाळण्या सुताराकडून करून घेतल्या. त्यांना अब्बांनी स्वयंपाकघरातली नावं दिली: पोह्याची, साबुदाण्याची, ज्वारीची, खसखशीची, जाड रव्याची, बारीक रव्याची आणि पिठाची. जी वाळू ज्या चाळणीवर अडकेल ती त्या नावाची. अम्मीला हे नावं देणं आवडलं असावं, कारण त्या दिवसापासून ती वाळूविरुद्ध बोलायची थांबली.

नदीची चाळलेली वाळू पोत्यात घालून अब्बा आणि मी शिक्रापूरला एका फाउंड्रीत गेलो. हायवेवर ट्रकांची रांग, दोन्ही बाजूंना भाड्याच्या खोल्यांचं बांधकाम. फोरमन मिशाळ, कडक दिसणारा, पण मनाचा साफ माणूस होता. "एक साचा करून बघू," म्हणाला. आमच्या वाळूचा साचा झाला, त्यात लोखंड ओतलं आणि आम्ही बाहेर चहा पीत थांबलो. दोन तासांनी त्यानं आम्हाला आत बोलावलं. साच्यातून काढलेला तुकडा जमिनीवर पडला होता आणि त्याला वाळू चिकटून बसली होती, करपलेली भाकरी तव्याला बसते तशी. त्यानं छिन्नीनं खरवडून दाखवलं. निघेना.

"चाचा," तो म्हणाला, "लोखंड ओततो तेव्हा वाळूनं वितळायचं नसतं. कोकणातली सिलिका वाळू पांढरी असते, तिला काही होत नाही. तुमच्या नदीची वाळू काळ्या दगडाची. यात आपल्या दोघांचाही इलाज नाही."

अब्बांचा चेहरा उतरला. फोरमननं ते पाहिलं असावं. आम्ही निघालो तसा तो दारापर्यंत आला. "चाळण मात्र झकास आहे तुमची. इतका एकसारखा दाणा आमच्याकडं येणाऱ्या मालाचाही नसतो. पाणीयोजनेवाल्यांना विचारून बघा. फिल्टरमध्ये वाळू लागते, आणि तिथं आच नसते. फक्त ॲसिडची टेस्ट असते, तेवढी पास करावी लागेल."

ॲसिडची टेस्ट म्हटल्यावर अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या शिक्षणाचा घरात कुणाला उपयोग होईल, असं तोवर मलाही वाटलं नव्हतं.

टेस्ट सोपी होती. वाळू धुऊन, वाळवून, तोलून पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये एक दिवस ठेवायची. मग पुन्हा धुऊन, वाळवून तोलायची. शंभरात पाचापेक्षा जास्त वजन घटलं तर वाळू नापास, कारण तेवढा तिच्यात चुना. चुना पाण्यात हळूहळू विरघळतो आणि फिल्टर खचतो. मी कॉलेजात तोलून आणलेल्या शंभर ग्रॅम घोडनदीच्या वाळूवर ॲसिड ओतलं तर ती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. दुसऱ्या दिवशी तोलायला घरात काटा नव्हता, म्हणून शेजारच्या सोनारकाकांकडं गेले. त्यांनी चष्मा वर करून पुडीकडं पाहिलं.

"हे काय आणलंस?"

"वाळू."

"आयुष्यात पहिल्यांदा वाळू तोलतोय गं," ते म्हणाले, पण गुंजेचाही फरक पडू नये अशा निगुतीनं तोलली. शंभरातली चौदा ग्रॅम घटली होती.

त्यानंतरचे सात-आठ महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोकळे दिवस होते. परीक्षा होऊन गेली होती. अब्बांची एम-एट्टी, मागं मी, माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत ॲसिडची बाटली, काचेचा पेला आणि भाकरी. जिथं विहीर खणलेली दिसेल तिथं आम्ही थांबायचो. विहिरीच्या ढिगाऱ्यात जमिनीच्या पोटातलं सगळं बाहेर पडलेलं असतं. वरची काळी माती, मग चुनखडीची पिवळी माती, मग एखादा वाळूचा थर, मग खडक. मी त्यातली चिमूट पेल्यात टाकायचे, वर ॲसिडचे थेंब सोडायचे. फसफसलं की पुढचं गाव. केंदूरला एका शेतकऱ्याला वाटलं आम्ही सरकारी माणसं आहोत, त्यानं चहा पाजला आणि खालच्या वाडीच्या रस्त्याची तक्रार सांगितली. अब्बांनी ती मन लावून ऐकून घेतली. एका ठिकाणी आम्ही विहिरीचं पाणी सांगणारे पाणाडी ठरलो, दुसऱ्या ठिकाणी सोनं शोधणारे. तिथं आमच्या मागं निम्मी वस्ती चालत आली. मी पेला वर धरला तसं सगळ्यांनी श्वास रोखला, आणि फेस आल्यावर एक म्हातारी म्हणाली, "गेलं बाई, सोनं उडून गेलं."

कवठे येमाईच्या शिवारात आम्ही पोचलो ते असंच विचारत विचारत. एका माळाच्या पायथ्याशी ओढ्यानं मोठं वळण घेतलं होतं. माळ गारगोट्यांनी भरलेला, उन्हात डोळ्यांवर येणारा. वळणात काठ ढासळला होता आणि आत फिकट, जवळजवळ गव्हाळ रंगाची वाळू दिसत होती. मी चिमूट पेल्यात टाकली, थेंब सोडले. एक-दोन बुडबुडे आले आणि थांबले. मी आणखी सोडले. काही नाही. अब्बा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"बाटलीतल्या ॲसिडचं पाणी झालं का?" त्यांनी विचारलं.

मी खात्रीसाठी दोन थेंब जवळच्या चुनखडीच्या खड्यावर टाकले. तो चांगला फसफसला. अब्बा तिथंच काठावर बसले आणि मूठभर वाळू घेऊन बोटांतून सोडू लागले.

जमीन एका उंच, काटकुळ्या शेतकऱ्याची होती. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. आम्हाला बघून ते बांधावरून खाली आले.

"काय हुडकताय?"

"वाळू, आप्पा," अब्बा म्हणाले.

"नदी तिकडं लांब ऱ्हायली. इथं कसली वाळू? ह्या तुकड्यात कुसळसुदीक उगवत न्हाई. माझ्या बानं तीनदा बाजरी पेरली, तिन्ही येळा बी वाया गेलं."

"म्हणूनच चांगली आहे," मी म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग अब्बांकडं. "पोरगी शिकल्याली हाय जणू."

"तिनंच शोधली," अब्बा म्हणाले. बाहेरच्या माणसापुढं त्यांनी माझं कौतुक केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आप्पांनी जमीन द्यायला फार आढेवेढे घेतले नाहीत. एकच अट घातली: माळावर वरच्या अंगाला म्हसोबाचा दगड होता, त्याच्या दहा पावलं अलीकडं कुदळ थांबवायची. अब्बांनी त्याच दिवशी चुन्यानं रेघ मारून घेतली आणि पुढं कधी ती ओलांडली नाही. तहसील कचेरीतून परवाना काढायला मात्र दोन महिने आणि बरेच हेलपाटे लागले.

खाण म्हणावी एवढी ती खाण नव्हतीच. वरची हातभर माती बाजूला काढायची, मग कुदळीनं वाळूचा थर पाडायचा. आप्पा, त्यांचे दोन भाऊबंद आणि गावातल्या चार बायका कामाला. ट्रॅक्टरमधून वाळू शिरूरच्या जागेवर यायची. तिथं हौदात धुवायची, चाळायची, ताडपत्रीवर वाळत घालायची. आप्पांची बायको, मी त्यांना मामी म्हणायचे, पहिल्या आठवड्यात चाळणीला हात घालूनच म्हणाल्या, "हे तर रव्याचं चाळणं झालं. ह्याला शिकायचं काय?" त्यांच्या हाताची लय वेगळीच होती. चाळण गोल फिरवून शेवटी एक हलका झटका द्यायच्या, त्यानं दाणे जाळीत अडकत नसत. आम्ही सगळ्यांनी तो झटका त्यांच्याकडून उचलला.

कोरडी वाळू भराभर चाळली जाते, ओलीला दुप्पट वेळ लागतो. पण अब्बांनी पहिल्या दिवसापासून सांगून ठेवलं होतं: चाळायचं ते ओलंच. बायका कुरकुरायच्या, हात गार पडतात म्हणून. अब्बा ऐकायचे नाहीत. एकदा मीही विचारलं, एवढा हट्ट कशाला? "धूळ उडते," एवढंच म्हणाले.

पाणीयोजनेच्या इंजिनियरकडं नमुना दिला होता. तो पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि तिथंच अडकला. एक महिना गेला, तीन गेले. जागेवर चाळलेल्या वाळूची पोती छपरापर्यंत रचली गेली. दर आठवड्याला मी कचेरीत विचारायला जायचे, आणि दर आठवड्याला "रिपोर्ट आला की कळवतो" हे ऐकून परत यायचे.

अशात एक ठेकेदार आमच्या जागेवर आला. शिक्रापूरच्या अलीकडं त्याचा कारखाना होता. लोखंडी टाक्यांचा गंज काढायला हवेच्या जोरानं वाळू मारतात, त्यासाठी त्याला दाणेदार, कोरडी वाळू हवी होती. आमची पोती बघून खूश झाला. आठवड्याला दोन ट्रक, कायमचे, म्हणाला. मी हरखून गेले. अब्बा म्हणाले, "आधी काम बघतो."

आम्ही गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये एक कामगार टाकीसमोर उभा होता, नळी खांद्यावर, तोंडाला गमछा. वाळू टाकीवर आदळून पिठासारखी उडत होती. त्याच्या भुवया, पापण्या, कान, सगळं पांढरं. नळी बंद झाल्यावर अब्बा त्याच्याजवळ गेले.

"कितने दिन हुए ये काम करते?"

"दो साल, चाचा."

"खांसी है?"

तो हसला. "धूल का काम है चाचा, खांसी तो रहेगी."

अब्बांनी ठेकेदाराला तिथंच सांगितलं की वाळू देणार नाही. ठेकेदार चिडला. "तुम्ही नाही दिली तर दुसरा देईल. ह्याला काय फरक पडणार?"

"पडणार नाही," अब्बा म्हणाले. "पण ती माझी नसेल."

 घरी आल्यावर मी फटाफट बोलले. कवठ्याच्या माणसांना कामावरून थांबवायची वेळ आलीय, पोती भिजायला लागलीत, आणि तुम्ही आलेलं गिऱ्हाईक परत पाठवता. अम्मी मध्ये पडली नाही. अब्बांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग त्यांनी दौंडच्या भट्टीवरच्या त्यांच्या जोडीदाराची गोष्ट सांगितली. दोघं एकाच वर्षी लागले होते. काही वर्षांनी अब्बांना चाळणीवरून हलवून नुसत्या पेट्या भरायला घातलं, जोडीदार चाळणीवरच राहिला. चाळिशीत त्याला जिना चढता येईना. डॉक्टर टीबी म्हणाले, टीबीची औषधं दिली, गुण आला नाही. "शेवटी शेवटी तो बसून झोपायचा," अब्बा म्हणाले. "आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. मी भेटायला गेलो की म्हणायचा, तू वाचलास बघ, चाळणीवरून सुटलास."

वाळूच्या धुळीनं फुप्फुसं निकामी होतात त्या आजाराचा सिलिकोसिस हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, परीक्षेत त्याच्यावर चार ओळीही लिहिल्या होत्या. तो माणूस माझ्या लहानपणी आमच्या क्वार्टरवर यायचा, मला पेपरमिंट द्यायचा. त्याचा आजार आणि माझ्या त्या चार ओळी एकच आहेत, हे मला तोवर कुणी जोडून दाखवलं नव्हतं. तरीही माझा राग लगेच गेला, असं म्हटलं तर खोटं होईल. चार दिवस मी जागेवर गेले नाही. पाचव्या दिवशी गेले तेव्हा अब्बा एकटेच हौदात उभे राहून वाळू धूत होते. मी चप्पल काढली आणि दुसऱ्या बाजूनं फावडं घेतलं.

रिपोर्ट आला तो त्यानंतर महिन्याभरानं. वजनातली घट चारच्या आत. इंजिनियरनं स्वतः माणूस पाठवून बोलावलं. शिक्रापूरकडच्या एका गावाच्या योजनेला गुजरातहून यायची वाळू रखडली होती, आणि कालव्याचं पाणी ऑगस्टमध्ये चहाच्या रंगाचं येत होतं. आमची सगळी पोती त्याच आठवड्यात गेली.

फिल्टर भरायला अब्बा, मी, आप्पा आणि मामी चौघंही गेलो. खोलीएवढा सिमेंटचा हौद. तळाला मोठे गोटे, त्यावर लिंबाएवढे, मग बोराएवढे, मग हरभऱ्याएवढे, आणि सगळ्यात वर आमची जाड रव्याची वाळू. अब्बा आत फळीवर अनवाणी उभे राहून फावड्यानं पातळी करत होते. मामी वरून म्हणाल्या, "चाचा, कोपऱ्यात उंच ऱ्हायलंय," आणि ते निमूट तिकडं गेले. मग खालून उलटं पाणी सोडलं. वाळू वर उचलली गेली, भात शिजताना हलतो तशी खदखदली आणि पुन्हा शांत बसली. आधी पुष्कळ गढूळ पाणी वाहून जाऊ दिलं. दुपार टळली तेव्हा इंजिनियरनं नळाखाली पेला धरला. आरपार दिसत होतं. त्यानं पेला आप्पांच्या हातात दिला.

आप्पांनी दोन घोट घेतले. "माझ्या बाच्या बाजरीचं पाणी कुठं गेलं ते आज कळलं," म्हणाले. आम्ही हसलो, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

पुढं सात-आठ वर्षं काम चांगलं चाललं. आजूबाजूच्या गावांच्या योजना, एक साखर कारखाना, रांजणगावकडच्या दोन-तीन कंपन्या. मी त्यातल्याच एका कंपनीच्या पाणी विभागात केमिस्ट म्हणून लागले, लग्न झालं, पण रविवारी जागेवर जायचेच. दोन हजार सालानंतर गुजरातची वाळू पोत्यांत भरून, छापील रिपोर्टसकट दारात यायला लागली. आमचा थरही पातळ होत गेला. एक दिवस कुदळीखाली खडक लागला आणि आप्पांचा निरोप आला: "वाळू संपली, चाचांना घेऊन ये."

आम्ही गेलो तेव्हा खड्डा स्वच्छ लोटलेला होता. चुन्याची रेघ कधीच पुसली गेली होती, तरी म्हसोबाच्या अलीकडं दहा पावलं जागा तशीच होती. आप्पांनी त्या खड्ड्याचं शेततळं केलं. वरच्या तुकड्यात डाळिंबं लावली आणि ती आली.

अब्बा त्यानंतर तीन वर्षं होते. खोकला होता, पण आडवं झोपता येत होतं, आणि यासाठी ते देवाचे आभार मानायचे. शेवटच्या हिवाळ्यात मी त्यांना कवठ्याला नेलं. तळं काठोकाठ भरलं होतं. आप्पा आणि ते काठावर बाजेवर बसले. मामींनी डाळिंब फोडून ताटलीत दाणे आणून ठेवले. आप्पा तळ्यात सोडलेल्या माशांबद्दल बोलत होते, कोणता मासा किती वाढलाय, बगळे किती खातात. अब्बांना मासे फारसे कळत नव्हते, तरी एकेक प्रश्न विचारत होते. ऊन कलल्यावर मी म्हणाले, निघूया, गारठा पडेल. अब्बा म्हणाले, "थांब गं जरा. आप्पांचं बोलणं संपू दे." मी पुन्हा बसले. आप्पांचं बोलणं काही लवकर संपलं नाही.